आजोबांची रायफल: नावावर कशी करायची, खाऱ्या हवेत कशी जपायची, नेम कुठे धरायचा

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आजोबा मराठा पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले आणि काही वर्षांनी त्यांनी एक .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) रायफल घेतली. ते गेले तेव्हा ती माजघरात खुंटीवर होती. बाराव्यानंतर काका म्हणाले, "राहू दे आहे तिथे, कोण बघायला येतंय?" कोकणातल्या अनेक घरांत हे वाक्य उच्चारलं जातं आणि तिथूनच सगळ्या अडचणी सुरू होतात. ती रायफल कायदेशीरपणे माझ्या नावावर व्हायला चौदा महिने लागले. त्यातले सहा-सात महिने तरी निव्वळ माहिती नसल्यामुळे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

१. आधी हातात काय आहे ते ओळखा

हत्यार भरलेलं आहे असं धरूनच त्याला हात लावा. ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर फार जपा. माळ्यावर वीस-तीस वर्षं पडलेल्या ठासणीच्या बंदुकीत बार तसाच असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली असेल तर ती इतक्या वर्षांनीही पेटते. तोंडासमोर न येता नळीत एक लाकडी काठी हलकेच सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहा. खूण आणि नळीची लांबी यांत चार बोटांचा फरक दिसला तर आत काहीतरी आहे. ते काढायचा प्रयत्न करू नका. पोलीस ठाण्याला कळवा, ते परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून काढून घेतील.

काडतुसाच्या दुनळीची नळी आतून आरशासारखी गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत पिळदार खाचा दिसतात. बोअर, क्रमांक आणि बनावट या तीन गोष्टी परवान्याच्या पुस्तकात लिहिलेल्या असतात. त्या हत्यारावरच्या खुणांशी अक्षर-अक्षर जुळवून बघा. आमच्या पुस्तकात क्रमांकातला एक आकडा चुकीचा उतरवला होता. ती दुरुस्ती आधी करून घ्यावी लागली.

आता .३१५ विषयी थोडं, कारण जुनी लष्करी घडणीची रायफल कोकणात बहुधा याच रूपात सापडते. इंग्रजांच्या फौजेची रायफल म्हणजे ली-एनफिल्ड, बोअर .३०३, जिला आपल्याकडे सगळे थ्री नॉट थ्री म्हणतात. १९०७ साली आलेला तिचा तिसरा मार्क बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातही बनत असे. दोन्ही महायुद्धांत हिंदी शिपायाच्या खांद्यावर हीच रायफल होती, आणि २००८ साली मुंबईवर हल्ला झाला तेव्हाही पोलिसांच्या हातात ती होती. फौजेचं काडतूस खासगी माणसाच्या हाती जाऊ नये म्हणून .३०३ सामान्यांना बंद ठेवलं गेलं. मग कारखानदारांनी त्याच घडणीची, तशाच बोल्टची (काडतूस आत सारून नळी मागून बंद करणारा दांडा) रायफल वेगळ्या काडतुसासाठी बनवली. ते काडतूस ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखरवर बेतलेलं होतं. हीच .३१५. आधी ती बर्मिंगहॅमच्या बीएसए या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची येई (एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली ही त्यांची खूण), पुढे इशापूरची येऊ लागली. बोल्ट ओढताना येणारा आवाज, मागे येणारा चाप आणि दस्त्याचा बाक हे सगळं ली-एनफिल्डचंच आहे. म्हणून मी तिच्याकडे फौजेचा वारसा म्हणूनच बघतो.

इथे तीन गैरसमज लोकांना गोत्यात आणतात.

पहिला: ".३०३ असली तरी काय झालं, आजोबा फौजी होते." .३०३ आजही प्रतिबंधित बोअर आहे. जिल्हाधिकारी तिचा परवाना देऊ शकत नाहीत. घरात अशी रायफल निघाली तर वकिलाला सोबत घेऊन लेखी अर्जासह ती पोलिसांकडे जमा करा.

दुसरा: ट्रंकेतलं एखादं जिवंत .३०३ काडतूस आठवण म्हणून ठेवणं. आजोबांच्या ट्रंकेत पदकांच्या डबीत अशी दोन निघाली. आजीला ती द्यायला जड गेलं, पण आम्ही ती अर्जासह जमा केली आणि पोच घेतली. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हासुद्धा गुन्हाच आहे.

तिसरा: "शंभर वर्षं जुनी म्हणजे पुराणवस्तू, तिला परवाना कसला?" शस्त्र कायदा १९५९ मधली जुनी सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. २०२० च्या नियमबदलानंतर क्युरिओ (जुनी, दुर्मिळ वस्तू) ठरलेलं छोटं शस्त्र बाळगायला परवाना लागत नाही, पण ते वापरायला किंवा कुठे न्यायला लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्याची काडतुसं कुणी विकत नाही. तुमचं हत्यार क्युरिओ आहे की नाही, हे तुम्ही किंवा गावातले जाणकार ठरवत नसतात.

२. विनाकारण उशीर न करता जमा करा

परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की घरच्यांकडे ते हत्यार राहणं बेकायदा ठरतं. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केल्याने हक्क जात नाही, उलट वारसाला ते परत मिळण्याची वाट त्यामुळेच मोकळी राहते. पावतीवर क्रमांक, बोअर, काडतुसांची संख्या आणि हत्याराची अवस्था लिहून घ्या. नेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा.

आणि जमा करण्यापूर्वी रायफलीला भरपूर ग्रीस लावा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमची रायफल एका ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत अख्खा पावसाळा राहिली आणि परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी गंजाचे बारीक खड्डे पडले होते. ते आजही दिसतात. निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायचा आदेश आला तरी हेच करा. नळी आतून-बाहेरून जाड ग्रीसमध्ये, बोल्ट वेगळा तेलकट कापडात, आणि वर प्लास्टिक गुंडाळू नका. आत घाम धरतो.

आजोबा हयात असतील तर यातलं बरंच टळतं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार धारकाचं वय ७० झालं किंवा त्याने ते हत्यार २५ वर्षं बाळगलं, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तो ते हयातीतच वारसाच्या नावे करायला अर्ज करू शकतो. घरात म्हातारं माणूस आणि जुनी रायफल दोन्ही असतील तर हा विषय आजच काढा.

३. कागद गोळा करा

• आजोबांच्या परवान्याचं मूळ पुस्तक आणि जमा केल्याची पावती
• मृत्यूचा दाखला
• वारस दाखला
• बाकी सर्व वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र
• नमुना ए-१ मधला अर्ज, फोटो, ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे
• शस्त्र सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, नमुना एस-१
• घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, नमुना एस-२
• डॉक्टरांचं शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र, नमुना एस-३
• शेती संरक्षणासाठी मागत असाल तर सातबारा

यात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ना-हरकतीने. आम्ही काका-बाबांच्या सह्या घेतल्या आणि निर्धास्त झालो. लग्न होऊन गेलेल्या दोन आत्याही वारस आहेत, हे कार्यालयात अर्ज अडला तेव्हा ध्यानात आलं. एक आत्या विरारला, दुसरी डोंबिवलीला. शेवटी गणपतीत सगळे गावी आले तेव्हा तालुक्याला जाऊन एकाच दिवशी सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं केली. तुमचेही चाकरमानी असतील तर कागद तयार ठेवा आणि गणपती किंवा शिमग्याला सह्या उरका. धाकट्या आत्याने सही करण्याआधी विचारलं, "बाबांची रायफल विकणार तर नाहीस ना?" असं बोलणं आधीच होऊ द्या, म्हणजे पुढे घरात मनं दुखावत नाहीत.

४. अर्ज ते परवाना

परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. रत्नागिरीचे रत्नागिरीत, सिंधुदुर्गचे ओरोसला, रायगडचे अलिबागला. अर्ज सरकारच्या ऑनलाइन प्रणालीत भरायचा, मग कागद प्रत्यक्ष दाखवायचे. तिथून प्रकरण पोलिसांकडे जातं. ठाण्यातून चौकशी होते, शेजाऱ्यांना विचारतात, घरी हत्यार कुठे ठेवणार ते बघतात. भिंतीत बोल्टने आवळलेलं लोखंडी कपाट आधीच करून घ्या. आमच्याकडे चौकशीला आलेल्या हवालदारांनी सर्वांत आधी तेच बघितलं.

नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि त्यानंतर निर्णयाला ६० दिवस धरले आहेत. प्रत्यक्षात पाठपुरावा लागतो. मी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीला किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब ठेवला नाही, पण प्रत्येक वेळी आवक क्रमांक लिहिलेली प्रत जवळ ठेवली आणि तीच कामाला आली. मध्यस्थाला पैसे देऊ नका. तो जे करतो ते आवक क्रमांक हातात असलेला कुणीही करू शकतो.

परवाना हातात आल्यावर तिथेच उभं राहून चार गोष्टी वाचा: युनिक क्रमांक, हत्याराचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा (एका वेळी किती, वर्षाला किती) आणि क्षेत्र. क्षेत्राकडे कुणी बघत नाही. परवाना फक्त जिल्ह्यापुरता असेल तर ती रायफल घेऊन मुंबईच्या रेंजवर जाणं बेकायदा ठरेल. नेमबाजी करायची असेल तर राज्यभराचं क्षेत्र अर्जातच मागा आणि कारण लिहा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा झाला आणि एका माणसाला दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात, वारशाने आलेली धरून. म्हणजे 'संग्रह' हा शब्द आपल्याकडे दोनावर थांबतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी द्यायचा. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

५. वारसा नाही, विकत घ्यायची असेल तर

सामान्य माणसाला परदेशातून बंदूक आणणं ऐंशीच्या दशकापासून बंद आहे. म्हणून जुनी रायफल देशातल्या देशातच एका परवान्यावरून दुसऱ्यावर जाते. आधी तुमचा परवाना, मग सौदा. विकणाऱ्याने पोलीस ठाण्याला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यायचे. "हत्यार आत्ता घेऊन जा, कागद मागाहून" असं जो म्हणेल त्याच्या अंगणातून परत फिरा.

बघताना बोल्टवरचा आणि मुख्य सांगाड्यावरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. बोल्ट बदललेला असेल तर काडतुसामागची जागा कमी-जास्त झालेली असू शकते, आणि त्यात बार फुटला तर गोळी झाडणाऱ्याच्या तोंडावर गॅस येतो. हे डोळ्याने कळत नाही. परवानाधारक कारागिराकडून गेज लावून मोजून घ्या. नळी बोल्टच्या बाजूने उजेडाकडे धरा, खाचांच्या कडा स्पष्ट हव्यात. थोडा काळेपणा चालतो. नळीच्या तोंडाशी एका अंगाला झीज दिसली तर समजा, वर्षानुवर्षं साफसफाईची दोरी तिरकी ओढली गेली आहे. अशी रायफल नेमाला चांगली नसते.

६. कोकणातली निगा

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण घाटावरच्या माणसाने दिलेला सल्ला इथे पुरत नाही. देशावर महिन्यातून एकदा तेल पुसलं की भागतं. आपल्याकडे समुद्राचा खारा वारा बाराही महिने घरात फिरतो आणि जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो.

लागणाऱ्या वस्तू: पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेला एकसंध गज, पितळी ब्रश, सुती फलालीनच्या चिंध्या, बंदुकीचं खनिज तेल, ग्रीस, कच्चं जवसाचं तेल, सिलिका जेल. एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, साफ करायला चार बाय दोन इंचांची चिंधी आणि तेलाला चार बाय दीडची. हे माप अजूनही बरोबर आहे.

साफ करताना बोल्ट काढा आणि गज नेहमी मागच्या बाजूने घाला. आधी ब्रश, मग कोरड्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत, शेवटी तेलाची चिंधी. काडतुसं जुन्या साठ्यातली असतील तर एक पायरी वाढवा. काडतुसाच्या बुडाशी बार पेटवणारी टोपी असते, तिच्या जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून मागे मीठ उरतं, आपल्या जेवणातल्या मिठासारखंच पाणी ओढणारं. तेल ते विरघळवत नाही, वरून झाकतं फक्त, आणि खाली गंज चालू राहतो. मीठ विरघळतं पाण्यात. म्हणून इंग्रज शिपाई नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत. आजोबाही खळ्यात बसून तसंच करत, आणि लहानपणी मला वाटे, लोखंडात पाणी कसं घालतात? उकळत्या पाण्याने नळी इतकी तापते की ती आपोआप वाळते. लगेच कोरडी चिंधी, मग तेल. लाकडात पाणी जाऊ देऊ नका. हे काम गोळी झाडली त्याच दिवशी व्हायला हवं. आपल्या हवेत रात्र गेली की उशीर झाला.

खोबरेल तेल वापरू नका. घरोघरी तेच हाताशी असतं आणि लोक लावतात. पण ते थंडीत थिजतं, धूळ धरतं, चिकट होतं आणि बोल्टची स्प्रिंग मंदावते. रॉकेल मळ काढतं, पण त्याचं संरक्षण टिकत नाही. ते लावलं तर वर खनिज तेल हवंच.

दस्त्याचं लाकूड बहुधा अक्रोडाचं असतं. पॉलिश किंवा व्हार्निश मारून त्याची वाट लावू नका. कच्चं जवसाचं तेल तळहातावर घेऊन ऊब येईपर्यंत चोळा, अर्ध्या तासाने पुसा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पुरे.

आमच्याकडे आगोटीच्या कामांत हे धरलेलंच असतं. लाकूडफाटा आत, सुकी मच्छी डब्यात, आणि मिरगाच्या आधी रायफलीला ग्रीस. नळीत ग्रीस भरली की बोल्टला चिठ्ठी बांधा: 'नळीत ग्रीस आहे'. ग्रीस असताना गोळी झाडली तर नळी फुगू शकते.

कपाटात कातडी किंवा कॅनव्हासच्या म्यानात ठेवू नका. म्यान ओल धरतं आणि कातड्यात कमावतानाचे क्षार असतात. उघडी उभी करा, आणि जमलं तर तोंड खाली, म्हणजे तेल दस्त्यात न उतरता तोंडाकडे येतं. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करा. 

आणखी एक. खंडेनवमीला शस्त्रपूजा करता ना? जरूर करा. पण ओली फुलं आणि हळद-कुंकू लोखंडावर रात्रभर राहू देऊ नका. आमच्या बोल्टच्या मुठीवर झेंडूच्या पाकळीएवढा डाग आहे, तो तसाच पडला. फूल दस्त्यापाशी कापडावर ठेवा आणि संध्याकाळी रायफल पुसून तेल लावा.

७. गोळी कुठे झाडायची

आपल्या बागेत, कड्यावर, समुद्राकडे तोंड करून: कुठेही नाही. रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते, आणि खाडीच्या पाण्यावरून ती दगडासारखी उसळते. लग्नात किंवा पालखीपुढे बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. डुकरांनी भात लोळवलं तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज असतो.

नेम शिकायचा तर एअर रायफलने सुरुवात करा. .१७७ बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरवरच्या कागदाचा मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. तीन महिने त्याच्यामागे लागलात की श्वास, चाप आणि उभं राहणं तिन्ही सुधारतात. नंतर रायफल क्लबचं सभासदत्व घ्या. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पुण्यात बालेवाडीची रेंज आहे. .३१५ तिथे कोणत्या दिवशी, कोणत्या अंतरावर चालवू देतात ते फोन करून विचारा, मगच निघा. एक गोष्ट सांगायला मला अभिमान वाटतो. देशाच्या रायफल संघटनेची स्थापना १९५१ साली लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने झाली, आणि त्यांचं घराणं मूळचं आपल्या संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं.

प्रवासात रायफल रिकामी, पेटीत, बोल्ट काढलेला. काडतुसं वेगळ्या कुलपात. मूळ परवाना खिशात.

रेंजवर कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय बसू नका. पहिल्या दिवशी लेटून, रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन झाडा. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढा, सैल धरलात तर लोखंडी टाच हाड शेकवते. फौजी चाप दोन टप्प्यांचा असतो. पहिला दाब सैल जातो, मग अडतो. तिथे थांबा, अर्धा श्वास सोडा, माशीवर (नळीच्या तोंडाजवळच्या नेमाच्या खुंटीवर) नजर ठेवा आणि दुसरा दाब हळू वाढवा. नजर लक्ष्यावर गेली की माशी धूसर होते आणि गोळी भरकटते. चाप ओढूनही बार उडाला नाही तर रायफल लक्ष्याकडेच रोखून ३० सेकंद थांबा. कधी टोपी उशिरा पेटते.

पाच गोळ्या एकाच ठिकाणी नेम धरून झाडा आणि त्या कुठे पडल्या याची चिंता करू नका, एकमेकींच्या किती जवळ पडल्या ते बघा. पाचही एका वाटीत बसू लागल्या की मगच माशी हलवायची. गोळ्या उजवीकडे पडत असतील तर माशी उजवीकडे, डावीकडे पडत असतील तर डावीकडे. नवखे नेमकं उलटं करतात. हे काम कारागिराकडून करून घ्या, हातोडी मारू नका.

प्रत्येक खेपेची तारीख, अंतर, काडतुसाचा लॉट, हवा कोरडी की दमट, आणि गोळ्या कुठे पडल्या हे वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा रेंजवर गेलात तर आमच्यासारखीच तुमचीही रायफल दोन-तीन बोटं दुसरीकडे मारेल, कारण ओल पिऊन फुगलेलं पुढचं लाकूड नळीला रेटत असतं. त्या दिवशी माशीला हात लावू नका. कार्तिकापर्यंत लाकूड सुकू द्या, जुन्या पानावरची नोंद बघा आणि पुन्हा पाच गोळ्या झाडा.